त्वचेचा वर्ण आणि वस्त्रांची रंगनिवड

त्वचेचा वर्ण आणि वस्त्रांची रंगनिवड हा विषय वेशभूषा, रंगशास्त्र आणि समाजव्यवहार या तिन्हींशी निगडित आहे. अंगावरील वस्त्राच्या रंगामुळे शेजारची त्वचा, विशेषतः चेहरा, पाहणाऱ्याला कमीअधिक उजळ, पिवळसर, तांबूस किंवा निस्तेज भासतो. हा परिणाम लक्षात घेऊन कपड्यांचे रंग ठरविणे म्हणजे वर्णानुरूप रंगनिवड होय. मराठीत रंग ‘खुलणे’, ‘शोभणे’, ‘उठून दिसणे’ असे शब्दप्रयोग या अर्थाने केले जातात. या लेखात ‘वर्ण’ हा शब्द केवळ कातडीचा रंग या अर्थाने योजला आहे.

एखादा रंग शोभणे आणि त्या रंगात माणूस गोरा दिसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. व्यवहारात त्यांची सर्रास गल्लत होते. अमुक साडी ‘खुलते’ असे म्हणणाऱ्याला पुष्कळदा त्या साडीत नेसणारी उजळ दिसते एवढेच अभिप्रेत असते. या विषयावरील बराचसा रूढ उपदेश या गल्लतीतून निर्माण झाला आहे.

त्वचेचा रंग

त्वचेचा रंग मुख्यतः मेलॅनिन या रंगद्रव्यावर अवलंबून असतो. त्याचे दोन प्रकार आहेत : तपकिरी-काळे युमेलॅनिन आणि तांबूस-पिवळे फिओमेलॅनिन. त्यांच्या जोडीला रक्तातील हिमोग्लोबिनची तांबूस झाक आणि आहारातून येणाऱ्या कॅरोटिनची पिवळसर झाक असते. त्यामुळे दोन व्यक्ती सारख्याच सावळ्या असूनही एकीच्या कातडीत पिवळेपणा आणि दुसरीच्या कातडीत तांबूस वा निळसरपणा जाणवू शकतो. वेशभूषाकार पृष्ठभागावरील गडदपणाला ‘वर्ण’ आणि आतून जाणवणाऱ्या या झाकेला ‘अंतर्छटा’ म्हणतात. अंतर्छटा पिवळसर असल्यास तिला उष्ण, गुलाबी वा निळसर असल्यास शीत आणि दोन्हींच्या मधली असल्यास सम म्हटले जाते. उन्हाने रापल्यावर वर्ण लवकर गडद होतो. अंतर्छटा त्या मानाने स्थिर राहते, असे मानले जाते.

वर्णाचे मोजमाप करण्याचे प्रयत्न शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या हेतूंनी केले. ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ फेलिक्स फॉन लुशान यांनी रंगीत काचेच्या ३६ तुकड्यांची पट्टी तयार केली होती. १९७५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी ऊन सोसण्याच्या क्षमतेवरून त्वचेचे प्रकार पाडले. त्यांत आरंभी गोऱ्या त्वचेचाच विचार होता. तपकिरी व काळ्या त्वचेचे प्रकार नंतर जोडले गेले. समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांनी गूगलच्या सहकार्याने २०२२ मध्ये प्रसृत केलेल्या पट्टीत १० छटा आहेत आणि गडद वर्णांना तीत पूर्वीपेक्षा अधिक जागा मिळाली आहे. यांपैकी एकही पट्टी कपडे निवडण्यासाठी तयार झालेली नाही.

मराठीत वर्णासाठी गोरा, केतकी, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा, काळा असे शब्द आहेत. ‘गव्हाळ’ हा शब्द विशेष लवचीक आहे. विवाहविषयक जाहिरातींत निमगोऱ्यापासून सावळ्यापर्यंतचा मोठा पट्टा त्यात सामावून घेतला जातो.

रंग शेजारी आल्यावर काय घडते

या विषयाचा शास्त्रीय पाया एका रंगशाळेत घातला गेला. मिशेल युजीन शेव्हरूल (१७८६–१८८९) हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून पॅरिसमधील गोबेलँ या राजकीय विणकामशाळेत रंगाईचे संचालक होते. तेथील काळा रंग निळ्या-जांभळ्या नक्षीत फिका पडतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. तपासणीअंती काळ्या रंगात काहीही दोष नव्हता. शेजारच्या रंगांमुळे तो डोळ्यांना फिका वाटत होता. या निरीक्षणातून त्यांनी समकालिक विरोधाचा नियम मांडला आणि १८३९ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. दोन रंग शेजारी आले की डोळा त्यांच्यातील भेद वाढवून पाहतो : गडदाशेजारी फिका अधिक फिका दिसतो, आणि प्रत्येक रंग शेजाऱ्यावर आपल्या विरोधी रंगाची पुसट झाक टाकतो. तांबड्याचा विरोधी हिरवा, पिवळ्याचा जांभळा, निळ्याचा नारिंगी.

शेव्हरूल यांनी या ग्रंथात वस्त्रे व मुखवर्ण यांचाही विचार केला आहे. फिकट हिरव्या वस्त्राने निस्तेज गोऱ्या चेहऱ्यावर गुलाबी झाक येते, जांभळ्याने चेहरा पिवळट दिसतो, काळ्या वस्त्राने कातडी अधिक पांढरी भासते, अशी त्यांची निरीक्षणे आहेत. त्यांच्यासमोर मुख्यतः फ्रेंच स्त्रिया होत्या. त्यामुळे हे निष्कर्ष भारतीय वर्णांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. मात्र त्यामागील नियम सर्व वर्णांना सारखाच लागू आहे.

या नियमाच्या उलट काम करणारी दुसरी क्रिया म्हणजे परावर्तन. गळ्याजवळच्या कापडावर पडलेला प्रकाश उसळून हनुवटीच्या खाली, जबड्यावर आणि गालांवर पडतो आणि कापडाचा रंग सोबत नेतो. पांढऱ्या सदऱ्याने हनुवटीखालची सावली उजळते. छायाचित्रकार पांढरा फलक धरून हेच साधतात. भडक पोपटी कापडामुळे त्याच जागी हिरवट छाया दिसू लागते. म्हणजे विरोधाच्या नियमाने हिरवा रंग चेहऱ्याला तांबूस झाक देतो, तर परावर्तनाने हिरवट. कोणती क्रिया वरचढ ठरेल हे कापडाची चकाकी, उजेडाची दिशा आणि गळ्यापासूनचे अंतर यांवर ठरते. अमुक वर्णाला अमुक रंग अशी ठाम कोष्टके फसतात, त्याचे एक कारण हे आहे.

रंगाचे वर्णन केवळ ‘निळा’ किंवा ‘पिवळा’ या नावाने पुरे होत नाही. अमेरिकन चित्रकार व शिक्षक आल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक रंगाला रंगछटा, उजळपणा आणि तीव्रता अशी तीन अंगे आहेत. मोरपंखी, आकाशी आणि चिंतामणी या तिन्ही निळ्याच्याच जाती. पण त्यांचा उजळपणा व तीव्रता भिन्न असल्याने चेहऱ्यावरील परिणामही भिन्न होतो. ‘मला निळा शोभत नाही’ हे विधान म्हणूनच अपुरे आहे. न शोभणारा बहुधा एखादा विशिष्ट निळा असतो.

ऋतुपद्धती

स्विस चित्रकार योहानेस इटेन १९१९ ते १९२३ या काळात जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेत शिकवीत होते. विद्यार्थी आपल्याला आवडणारे रंग निवडतात तेव्हा त्या रंगांचा त्यांच्या कातडी-केसांच्या रंगांशी काही संबंध असतो, असे त्यांना जाणवले. रंगांचे चार ऋतूंशी असलेले नातेही त्यांनी मांडले. त्यांचा रंगविषयक ग्रंथ १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे अमेरिकेत सुझन केगिल यांनी व्यक्तींची ऋतूंनुसार वर्गवारी करण्याची पद्धत विकसित केली आणि कॅरोल जॅक्सन यांच्या ‘कलर मी ब्यूटिफुल’ (१९८०) या पुस्तकाने ती घरोघरी पोहोचली.

या पद्धतीत उष्ण व उजळ रंग शोभणाऱ्या व्यक्ती वसंत, शीत व सौम्य रंगांच्या ग्रीष्म, उष्ण व गडद रंगांच्या शरद आणि शीत व ठसठशीत रंगांच्या शिशिर गटात मोडतात. हे ऋतू युरोप-अमेरिकेतील आहेत. येथील ‘शरद’ वाचताना पानगळीचे तांबूस-तपकिरी रान डोळ्यांसमोर आणावयाचे आहे, कोजागरीचे चांदणे नव्हे. पुढे चारांचे १२ उपगट झाले. दक्षिण कोरियात अलीकडच्या काळात रंगीत कापडांचे तुकडे गळ्याशी धरून असे निदान करून देणारी व्यावसायिक केंद्रे लोकप्रिय झाली आहेत.

मूळ वर्गवारी केसांच्या सोनेरी, तांबूस, तपकिरी आणि डोळ्यांच्या निळ्या, हिरव्या, घाऱ्या भेदांवर बरीच विसंबून होती. बहुतेक भारतीयांचे केस काळे आणि डोळे काळे किंवा तपकिरी असल्याने त्यांना ढोबळमानाने शिशिर वा शरद गटांत टाकले जाते. ज्या चाळणीतून एका मोठ्या समाजातील जवळजवळ सर्वजण एक-दोन भोकांतूनच खाली पडतात, ती चाळणी त्या समाजासाठी बनलेली नसते.

प्रायोगिक संशोधन या क्षेत्रात थोडे आहे. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठातील डेव्हिड पेरेट आणि राइनर श्प्रेंगेलमेयर यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाहणाऱ्यांना छायाचित्रांतील स्त्रियांसाठी कपड्यांचे रंग निवडण्यास सांगितले होते. फिकट कातडीसाठी निळ्या छटांकडे आणि रापलेल्या कातडीसाठी नारिंगी-तांबड्या छटांकडे कल दिसला. म्हणजे रंगनिवडीत पाहणाऱ्यांचे काही प्रमाणात एकमत होते. परंतु छायाचित्रांतील सर्व स्त्रिया गौरवर्णीय होत्या. सावळ्या व काळ्या वर्णांबाबत या निष्कर्षांवरून काही सिद्ध होत नाही.

महाराष्ट्रातील वस्त्रपरंपरा

महाराष्ट्रात कपड्याचा रंग परंपरेने व्यक्तीच्या वर्णावरून ठरत नसे. तो प्रसंगावरून आणि सामाजिक स्थितीवरून ठरे. विवाहात वधू पिवळी अष्टपुत्री नेसते, मग ती गोरी असो वा काळी. हिरवा चुडा व हिरवी साडी सौभाग्याची. एरवी शुभकार्यात टाळली जाणारी काळी चंद्रकळा संक्रांतीला हौसेने नेसली जाते. ब्राह्मण समाजातील केशवपन केलेल्या विधवेला तांबडे आलवण सक्तीचे होते, आणि तिला कोणता रंग शोभतो हा प्रश्नच समाजाने शिल्लक ठेवला नव्हता.

तरीही विणकर व रंगारी यांच्या कामात वर्णाची जाण दिसते. पारंपरिक इरकल साडीत अंगाचा रंग कोणताही असला तरी पदर तांबडा असतो. चोळीच्या खणात डाळिंबी, जांभळा, गडद हिरवा, मोरपंखी असे खोल रंग व त्यांना विरोधी रंगाचे काठ येतात. धूपछाव कापडात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असल्याने हालचालीसरशी रंग पालटतो. हे सारे दख्खनच्या लख्ख उन्हात, गव्हाळ-सावळ्या अंगांवर वापरले जाणारे कापड आहे. त्यात फिके, धुरकट रंग कमी आणि ठसठशीत रंग अधिक आहेत. मराठीतील रंगनामेही याच परिसरातून आली आहेत : आमसुली, अबोली, गुलबक्षी, वांगी, अंजिरी, श्रीखंडी, विटकरी, शेवाळी, पारवा.

वर्ण आणि वस्त्र यांच्या नात्याचे सर्वांत जुने व सर्वपरिचित उदाहरण धार्मिक प्रतिमासृष्टीत आहे. श्यामवर्ण कृष्ण पीतांबर नेसतो, तर गौरवर्ण बलराम नीलांबर. पंढरपूरचा विठ्ठल सावळा, आणि वस्त्र पुन्हा पीतांबरच. गडद निळसर वर्णाशेजारी पिवळा आणि गोऱ्या वर्णाशेजारी निळा ही योजना विरोधी रंगांच्या नियमाशी जुळते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतही गोऱ्या व सावळ्या अशा दोन्ही वर्णांच्या स्त्रीपुरुषांच्या आकृती एकाच दृश्यात शेजारी रंगविलेल्या आढळतात.

सावळा वर्ण आणि रंगांचे निषेध

सावळ्या मुलींनी पिवळा, राणी, पोपटी, केशरी किंवा पांढरा रंग वापरू नये, ‘काळ्यावर भडक दिसते’, असा समज घराघरांत व कापडाच्या दुकानांत रूढ आहे. त्यांच्यापुढे राखाडी, मातकट, फिकट तपकिरी असे ‘दबके’ रंग ठेवले जातात. रंगशास्त्राच्या दृष्टीने हा सल्ला बहुधा उलटा पडतो. कातडीच्या जवळपास उजळपणा असलेला मातकट किंवा खाकी रंग गळ्याशी आला की चेहरा व कापड यांची सीमा पुसट होते आणि चेहरा थकलेला दिसतो. तेजस्वी पिवळा, पांढरा किंवा राणी रंग गडद वर्णाशी स्पष्ट विरोध साधतो. त्याने चेहऱ्याची रेषा ठळक होते. पांढऱ्या सदऱ्यात सावळा पुरुष रुबाबदार दिसतो असे म्हणणारे घर त्याच वर्णाच्या मुलीला पांढरा कपडा नाकारते, हे या निषेधाचे मूळ डोळ्यांत नसल्याचे पुरेसे लक्षण आहे. पांढऱ्याने सावळा वर्ण अधिक गडद भासतो हे खरे आहे; मात्र तो दोष मानावा की नाही, हे रंगशास्त्र सांगत नाही.

गोरेपणाच्या आग्रहाला बाजारपेठेनेही हातभार लावला. ‘फेअर अँड लव्हली’ हे मलम १९७५ मध्ये भारतात विक्रीस आले आणि २०२० मध्ये त्याचे नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ करण्यात आले. त्याच वर्षी एका मोठ्या विवाहविषयक संकेतस्थळाने टीकेनंतर वर्णानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली. ‘डार्क इज ब्यूटिफुल’ ही मोहीम २००९ मध्ये सुरू झाली. अभिनेत्री नंदिता दास तिच्याशी पुढे जोडल्या गेल्या.

भाषेतही हा कल दिसतो. अंतर्वस्त्रे, अस्तर आणि मोजे यांच्या बाजारात ‘स्किन कलर’ म्हणून मिळणारा रंग फिकट बिस्किटी असतो. बहुसंख्य मराठी कातड्यांशी तो जुळत नाही. अमेरिकेतील क्रेयोला या रंगखडू बनविणाऱ्या कंपनीने आपल्या अशाच रंगाचे ‘मांसवर्ण’ या अर्थाचे नाव १९६२ मध्ये बदलून ‘पीच’ केले.

प्रत्यक्ष निवड

अंतर्छटा ओळखण्यासाठी मनगटाच्या शिरा पाहण्याचा उपाय सर्वत्र सांगितला जातो : शिरा हिरवट दिसल्यास वर्ण उष्ण, निळसर दिसल्यास शीत. शिरांचा भासणारा रंग त्यांची खोली, कातडीची जाडी आणि प्रकाशाचे विखुरणे यांवर अवलंबून असतो; गडद वर्णात तर शिरा नीट दिसतही नाहीत. सोने शोभते की चांदी, ही दुसरी कसोटी त्या मानाने उपयुक्त आहे, कारण तीत निदान चेहरा पाहावा लागतो.

सर्वांत भरवशाची रीत कापड गळ्याशी धरून पाहण्याची आहे. चेहऱ्यावर प्रसाधन नसावे. खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड असावा, थेट ऊन नसावे. एकाच रंगाच्या दोन-तीन छटा एकापाठोपाठ हनुवटीखाली धराव्यात आणि कापडाकडे न पाहता चेहऱ्याकडे पाहावे. डोळ्यांखालची वर्तुळे व ओठांच्या कडेच्या रेषा गडद झाल्या, कातडी डागाळलेली वाटली, तर ती छटा टाळावी. कातडी एकसारखी दिसली व नजर आधी डोळ्यांकडे गेली, तर ती ठेवावी. कापडच आधी नजरेत भरत असेल तर त्याची तीव्रता चेहऱ्याला पेलत नाही, असे समजावे.

दुकानातील उजेड हा यातील मोठा अडथळा आहे. दोन कापडे एका दिव्याखाली अगदी सारखी आणि दुसऱ्या उजेडात वेगळी दिसू शकतात. पिवळसर दिव्यांत केशरी-तांबडे रंग खुलतात व निळे मंदावतात. जुन्या पेठांतील दुकानदार साडी दाराशी नेऊन उजेडात दाखवीत, ती रीत शास्त्राला धरून होती. साडीवर मॅचिंग ब्लाउजपीस घेताना हे विशेष सांभाळावे लागते.

रंगाचा परिणाम चेहऱ्यापासूनच्या अंतराबरोबर झपाट्याने कमी होतो. साडीत चेहऱ्याला लागून असते ते ब्लाउज व खांद्यावरचा पदर. नेसूच्या निऱ्या कोणत्याही रंगाच्या असल्या तरी मुखवर्णावर त्यांचा परिणाम नगण्य असतो. त्यामुळे आवडलेली पण ‘न शोभणारी’ साडी ब्लाउज बदलून सहज वापरता येते. सलवार-कमीजमध्ये हेच काम ओढणी करते. पुरुषांच्या वेषात फेटा व उपरणे हे चेहऱ्याला सर्वांत जवळचे, पण त्यांचा विचार लग्नघरात सर्वांत शेवटी होतो. पँटच्या रंगाला या संदर्भात महत्त्व नाही.

पोतही पाहावा लागतो. रेशीम चकाकते, म्हणून त्याचा रंग चेहऱ्यावर अधिक उसळतो. त्याच रंगाची सुती साडी सौम्य वाटते. चेहऱ्यावर तेलकटपणा असणाऱ्यांना साटीनसारख्या चकचकीत कापडापेक्षा हातमागाचे सुती कापड अधिक शोभते.

वयानुसार केस पिकू लागतात आणि केस व कातडी यांच्यातील विरोध बदलतो. वृद्धांनी फिकेच रंग वापरावेत असा संकेत आहे. गोऱ्या वर्णावर पांढरे केस आणि वर फिके कापड आले की चेहऱ्याला आधार देणारा एकही गडद रंग उरत नाही. अशा वेळी डाळिंबी, गर्द निळा किंवा वांगी रंग उपयोगी पडतो. सावळ्या वर्णावरील पांढऱ्या केसांचा विरोध मुळातच ठळक असल्याने अशांना रंगांची मुभा अधिक असते.

छायाचित्रण

रंगीत छायाचित्रणाच्या फिल्म आणि छपाईची प्रमाणे दीर्घकाळ गोऱ्या त्वचेवर बेतलेली होती. कोडॅक कंपनीच्या ‘शर्ली कार्ड’ नावाच्या चाचणीपत्रांवर गोऱ्या स्त्रीचे चित्र असे आणि प्रयोगशाळा तिच्या कातडीवरून रंग जुळवीत. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेली चाचणीपत्रे १९९० च्या दशकात आली. परिणामी जुन्या रंगीत छायाचित्रांत सावळे चेहरे, विशेषतः पांढऱ्या कपड्यांशेजारी, तपशील हरवून काळपट उमटत. आजच्या भ्रमणध्वनींतील कॅमेरे उलट दिशेने चेहरा आपोआप उजळ करतात आणि त्याबरोबर वस्त्राचा रंगही बदलतात. त्यामुळे छायाचित्रावरून रंग सुचविणाऱ्या उपयोजनांचा निर्णय कॅमेऱ्याने बदललेल्या रंगांवर आधारलेला असतो, आणि संकेतस्थळावर पाहून मागविलेले कापड घरच्या उजेडात वेगळ्या छटेचे निघण्याचे एक कारणही पडद्यावरील हा फरक आहे.